पांढरी तार

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी घुमटासारखा काळा कॅमेरा टांगलेला आहे, त्याची तार कुठं जाते, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? रोज त्याच्याखालून जाता. पोरांना शाळेत सोडायला, दळण आणायला, कुणाच्या मयतीला. मान वर करून एकदा तरी विचारलंय? नसेल विचारलं, तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. आमच्या घरात तर प्रश्न विचारणं हाच धंदा होता, तरी आम्ही अर्धाच प्रश्न विचारून थांबलो. उरलेला अर्धा विचारायला मला फार उशीर झाला. तोवर ज्यांना उत्तर सांगायचं ते राहिले नव्हते.

मी अजून चाळिशीला पोचले नाही. आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, असं मला ओळखीचे लोक सांगतात. असेल. पण मला जे लिहून ठेवायचंय ते म्हातारपणापर्यंत टिकणार नाही, अशी भीती वाटते. माझ्या वडिलांचा आवाज माझ्या कानातून दरवर्षी थोडा थोडा पुसत चाललाय. आधी त्यांचं हसणं गेलं. मग खोकणं गेलं. आता एक हाक उरलीय.

आमचं घर विहाराच्या मागच्या बोळात होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं न्हाणीला लागून पाण्याच्या टाक्या, कारण आमच्या शहरात नळ पाहुण्यासारखा येतो. आला की हातातलं टाकून त्याच्यामागं धावायचं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दिवसभर लोखंडाच्या खडखडाटात राहिल्यानं त्यांना हळू बोलता यायचंच नाही. शेजारी कुणी आजारी असलं की माय त्यांना घरात बोलूच द्यायची नाही, खुणा करायला लावायची. आवाज तसा गोड नव्हता. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटाला वर चढणारा, जणू प्रत्येक वाक्य पुढच्याच्या हातात देतायत. संध्याकाळी ड्युटीवरून आले की चौकातूनच हाक मारायचे, "उज्जेऽ, दार!" दार कधी बंद नसायचंच. तरी हाक मारायचे. मीही आतून ओरडायचे, "उघडंच हाय!" रोजचं हे ठरलेलं.

कारखाना सोडला तर उरलेला सगळा माणूस पत्रकांचा होता. नळाची वेळ, रेशनच्या दुकानातलं माप, मुलींची अडलेली शिष्यवृत्ती, स्मशानाकडं जाणारा खड्ड्यांचा रस्ता, प्रत्येक गोष्टीवर अण्णांचं पत्रक असायचं. शहागंजच्या एका लहानशा छापखान्यातून गठ्ठे यायचे ते अजून ओले असायचे. शाईचा तो वास आमच्या गोधड्यांना होता, माझ्या दप्तराला होता, भाकरीच्या टोपल्याला होता. मी अक्षरं ओळखायला त्याच कागदांवर शिकले. शाळेत बाईंनी 'न' वरून शब्द विचारला, तेव्हा सगळ्यांनी नळ, नख असं सांगितलं आणि मी सांगितलं, 'निषेध'. हा 'न' नव्हे, 'नि' आहे म्हणून बाईंनी तो शब्द धरला नाही, पण हसल्या लई.

पत्रकं भिंतींना लावायची तर खळ लागायची. माय स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची आणि शेजारच्या चुलीवर येसराची आमटी. दोन्ही पातेल्यांतला रंग दुरून वेगळा दिसला तरी अण्णांचं लक्ष हातातल्या कागदावर असायचं. एकदा त्यांनी भाकरीचा तुकडा सरळ खळीत बुडवून तोंडात घातला. चावता चावता थांबले. माय म्हणाली, "खावा आता. निदान पोटातून तरी घराला चिकटून ऱ्हाल." मी हसून हसून लोळले. अण्णांनी तो घास गिळला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." आजही मैदा शिजताना त्याचा कच्चट वास आला की मला भूक लागते. भजी, मटणाचा कलिया, काहीही समोर असू दे, त्या वासानं लागते तशी भूक लागत नाही.

पण खरी गोष्ट घरात घडायची नाही, कट्ट्यावर घडायची. विहारासमोर पिंपळ होता आणि त्याच्याभोवती दगडी कट्टा. अण्णांचा एक नियम होता: पत्रक छापायला देण्याआधी ते कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्या कुणालाही टोकायचा हक्क. टोकलेलं पटलं तर तिथंच खोडून बदलायचं. वस्तीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ही पद्धत सुरू झाली असेल. पण पुढं तिचा अर्थच बदलला. आमच्या वस्तीनं मंजूर केल्याशिवाय आमच्या नावानं एक शब्द छापला जायचा नाही. सगळ्यांत जास्त टोकायची गयाआत्या. ती नात्यानं आत्या नव्हती, सिडकोत धुणीभांडी करून संध्याकाळी परतताना कट्ट्याच्या टोकाला पाय मोकळे सोडून बसायची.

"प्रशासनाची उदासीनता, म्हंजी काय रं?" ती विचारायची.

"म्हंजी त्यांना आपलं काही पडलेलं नाय," अण्णा सांगायचे.

"मंग तसंच लिव्ह की. त्यांना आपलं काही पडलेलं नाय. इतकं नटवतू कशाला?"

आणि अण्णा खरंच खोडायचे. समोरच मुश्ताकभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हातातली डाग द्यायची सळई तशीच धरून ते दुकानातनं ओरडायचे, "अण्णा, ये लाइन में करंट नै है! ऊपर की लाइन अच्छी है, इसकू निकालो." अण्णा म्हणायचे, "तुम रेडिओ देखो, मियाँ." पण ती ओळ निघायची. मी अण्णांच्या मांडीला टेकून बसलेली असायचे, आणि त्यांचा आवाज मला कानांतून आणि पाठीतून, असा दोन्हीकडून ऐकू यायचा.

मग एका निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्यानं वस्तीला कॅमेरा भेट दिला. नळ मागितला होता, कॅमेरा मिळाला. सोबत स्वतःच्या नावाची पाटीही लावून घेतली. कॅमेरा तरी नवा असावा? घुमटावर आधीच्या कुठल्यातरी भिंतीचा निळा रंग लागलेला होता. आमच्यावर नजर ठेवायलासुद्धा त्यांना जुनंच सापडलं, या गोष्टीचा मला आजही राग येतो. विहाराच्या भिंतीवर, बरोबर कट्ट्याच्या डोक्यावर तो बसवला, आणि त्याची केबल खांबाखांबावरून रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पुढाऱ्याच्या कार्यालयात गेली. फिटर शिडीवर होता, दातांत स्क्रू धरलेला. अण्णा खाली उभे राहून विचारत होते. मी शेजारी होते.

"हे तांबडं टोक कशाचं?"

"लाइट."

"पिवळं?"

"फोटो."

"आन् हे पांढरं?"

"आवाज," फिटर म्हणाला, आणि स्क्रू पिळायला लागला.

अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे लिहिलं ते त्यांचं सगळ्यांत धारदार पत्रक होतं. मथळा होता, 'याला कानही आहेत'. आपण काय बोलतो, कुणाला मत देणार म्हणतो, कुणाच्या घरात काय भांडण झालं, सगळं कोपऱ्यावरच्या कार्यालयात ऐकू जातं, असं त्यात होतं. आणि हे एकच पत्रक असं होतं जे कट्ट्यावर वाचलं गेलं नाही. वाचणार कसं? कट्ट्यावर तर कान टांगलेला. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्यालाच आधी ऐकवायचं का? त्यामुळं ते सरळ छापखान्यात गेलं आणि मी आणि मायनं ते पदराखालून घरोघर दिलं.

आमच्या वस्तीचा छापलेल्या कागदावर फार विश्वास होता. दुसऱ्या कुठल्या वस्तीत लोक पत्रक वाचून त्यात शेंगदाणे बांधतात. आमच्याकडं प्रत्येक कागद लोकांच्या डोळ्यांसमोर तपासून निघालेला असायचा, म्हणून त्यांनी याही कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवला. वस्ती गप्प झाली. कट्ट्यावर बसणारे बसत होते, पण पावसापाण्याचं बोलायचे. गयाआत्या त्याच्याखालून जाताना तोंडावर पदर घ्यायची. मुश्ताकभाईंनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून काम करायला सुरुवात केली. वाचन आमच्या घरात आलं, दार लावून. दोन खोल्यांत माणसं मावेनात, उकाड्यानं जीव जायचा, आणि अण्णांना हळू वाचता येईना. एखादं वाक्य तापलं की आवाज चढायचा आणि माय दाराकडं बघून "शूऽ" करायची. ते "शूऽ" ऐकून अण्णांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी इथं लिहीत नाही.

हळूहळू लोक यायचे थांबले. पत्रकं निघत राहिली. पण 'प्रशासनाची उदासीनता' परत आली. 'सबब', 'तद्वतच', 'प्रस्तुत' सगळे परत आले. खोडायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळची हाक तेवढी तशीच राहिली. चौकात आल्यावर अण्णा आधी मान वर करून कॅमेऱ्याकडं रोखून बघायचे, आणि मग मुद्दाम त्याला ऐकू जावं अशी हाक मारायचे, "उज्जेऽ, दार!" तेवढ्यावर त्यांना कुणी शूऽ करू शकत नव्हतं.

पुढच्या एका निवडणुकीत तो पुढारी पडला आणि कार्यालयाला कुलूप लागलं. कॅमेरा तसाच लटकत राहिला, मेलेला. पण सवय कुठं मरते? कट्टा मुकाच राहिला. त्याच्या पुढच्या थंडीत अण्णा गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि रिक्षात बसवेपर्यंत संपले. मी तोवर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सिडकोत कॅमेरे बसवणाऱ्या एका दुकानात लागले होते. हो, कॅमेरेच. मायला ते कधी आवडलं नाही. मी म्हणायचे, जे आपल्यावर टांगतात ते आतून कसं असतं ते आपल्यातल्या कुणीतरी बघितलं पाहिजे. हे मी खरंच मानत होते, अजून मानते.

अण्णा गेल्यावर कळलं, की त्यांचा आवाज कुठंच नाही. फोनवर त्यांनी कधी रेकॉर्ड करू दिलं नाही. "ज्याला ऐकायचंय त्यानं समोर यावं," म्हणायचे. फोटो होते, भिंतीवर एक मोठा होता. पण फोटो हाक मारत नाही.

आणि एका रविवारी दुपारी मुश्ताकभाईंचा फोन आला. "बेटी, आ के जा. तेरे मतलब की चीज मिली है." कोपऱ्यावरच्या त्या कार्यालयात आता मोबाइलचं दुकान झालं होतं, आणि त्या दुकानवाल्यांनी माळा साफ करताना एक काळा डबा मुश्ताकभाईंना भंगार म्हणून दिला होता. कॅमेऱ्याचं चित्र साठवायचा डबा. मी लगेच निघाले. वाटेत घरून मायला सोबत घेतलं, तीही भाकऱ्या फडक्यात बांधून आली, कारण मुश्ताकभाई एकटे राहतात आणि दुपारी खारी खाऊन भागवतात.

असा डबा भरला की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. पण कार्यालयाला कुलूप लागलं तेव्हा तो जिथं थांबला, तिथलं शेवटचं पुसायला कुणी उरलं नव्हतं. मुश्ताकभाईंनी तो जुन्या टीव्हीला जोडला. कट्टा दिसला. वरून, थोडा वाकडा, धुरकट. पिंपळाची सावली हलत होती. एक शेळी गेली. गयाआत्या गेली, पदर तोंडावर. मी पुढं सरकवत राहिले, दिवसामागून दिवस, संध्याकाळी संध्याकाळी थांबत. आणि अण्णा आले. हातात जेवणाचा डबा, खांद्यावर टॉवेल. चौकात थांबले. मान वर केली. सरळ आमच्याकडं बघितलं, इतक्या वर्षांनी, सरळ आमच्याकडं. मग बोळाकडं वळले आणि त्यांचं तोंड उघडलं.

काही ऐकू आलं नाही.

"आवाज वाढव," माय म्हणाली.

"वाढवलाय, माय."

"मंग अजून वाढव."

मुश्ताकभाईंनी टीव्हीचा आवाज शेवटापर्यंत नेला. टीव्ही नुसता मुका. माय पडद्याला हात लावायला गेली आणि मध्येच थांबली. मी म्हणाले, "आवाज आत असंल. बाहेर येत नसंल." डब्याच्या मागच्या सगळ्या केबली पकडीनं कापलेल्या होत्या, काय कुठं जोडलं होतं त्याचा पत्ता नव्हता. कॅमेऱ्याच्या बाजूनं बघायला हवं होतं. ती पांढरी तार खरंच कुठं जाते, हे आता मला विचारायचं होतं.

विहाराची भिंत रंगवायला निघालीच होती, कॅमेरा काढायला कुणाची ना नव्हती. त्याच दुपारी मी शिडीवर चढले. त्याच भिंतीवर, तीच शिडी असेल कदाचित. वर चढताना माझ्या मनात काय होतं ते सांगते, कारण सांगितलं नाही तर या लिहिण्याला अर्थ नाही. मी सभांमध्ये भाषणं केली होती, की चौकात कान टांगणं म्हणजे माणसाचं माणूसपण हिसकावणं. आजही करीन. आणि त्या शिडीवर मी मनातल्या मनात म्हणत होते, यानं ऐकलेलं असू दे. चोरून ऐकलेलं असू दे. त्या पुढाऱ्याच्या कार्यालयात बसून कुणी हसत हसत ऐकलेलं असू दे. फक्त कुठंतरी असू दे.

मुश्ताकभाईंच्या दुकानात टेबलावर घुमट पालथा ठेवला. मागं तारांचा झुपका, टोकांचे प्लग कापलेले, आणि आमच्या उन्हानं सगळे रंग खाऊन टाकलेले. तांबडी गुलाबी झाली होती, पिवळी आणि पांढरी यांच्यात फरक उरला नव्हता. मुश्ताकभाई चष्मा कपाळावरून खाली घेत म्हणाले, "ये लाल, ये काला, हो गया पावर. लगा दे."

"रंगावर नका जाऊ, चाचा. मीटर लावू."

"हौ, अब तू मेरेकू सिखा," ते म्हणाले, पण मीटर काढून दिलं.

मीटरचं एक टोक कॅमेऱ्याच्या लोखंडी बुडाला लावलं आणि दुसऱ्यानं एकेक तार चाचपली. काळीवर मीटर वाजलं, टीऽऽ. म्हणजे ही जमिनीची. एका जाड तारेला आत तांब्याची जाळी गुंडाळलेली होती, जाळीवरही वाजलं. असली जाळी चित्राच्या तारेला असते, म्हणजे ही मुळातली पिवळी. गुलाबी आणि काळीला मी वीज दिली. भिंगावर तळहात धरला, तर घुमटात अंधारात बघायचे दिवे लालसर पेटले, निखाऱ्यावर राख असावी तसे. मेलेला म्हणत होतो तो जिवंत होता. जाळीची तार टीव्हीला जोडली, तर पडद्यावर मायचा चेहरा आला, वाकडा, मोठा. मायनं पटकन पदर डोक्यावर घेतला. मुश्ताकभाई म्हणाले, "भाभी, टीव्ही पे आ गए आप." माय हसली नाही. तिचं बोट उरलेल्या तारेवर होतं. "ही?"

ती. वीज काढली, घुमट उघडला, आतली वाटी सोडवली. मीटरचं टोक बाहेर पांढऱ्या तारेला लावलं आणि दुसरं आत बोर्डावर फिरवत गेले. इथं नाही. इथं नाही. मग कोपऱ्यात मीटर वाजलं. तिथं दोन बारीक भोकं होती आणि त्यांच्याभोवती सदऱ्याच्या गुंडीएवढा गोल आखलेला होता. शेजारी मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'माइक'. गोलात काही नव्हतं. डागाचं नखभर कथीलही नव्हतं, म्हणजे बसवून नंतर काढलेलाही नव्हता. मी असले बोर्ड कामावर पाहिले होते. कंपनी एकाच साच्यातून दोन्ही तऱ्हेचे कॅमेरे काढते, कानाचे आणि बिनकानाचे, आणि तारांचा झुपका सगळ्यांना सारखाच लावते. फिटर खोटं बोलला नव्हता. तार आवाजाचीच होती. आवाज घेणारं काही तिच्या टोकाला कधीच नव्हतं.

मी मीटर खाली ठेवलं. मग मुश्ताकभाई खालमानेनं म्हणाले, "अण्णा ने वो परचा कट्टे पे पढ़ के सुनाया होता, तो मैं वहींच टोकता. बोलता, तार है तो कान है ऐसा कैसा? खोल के देखो. लेकिन परचा छप के आया. मैं भी डर गया, सच्ची बोलूँ तो. सामनेच तो बैठता था मैं. इत्ते साल. एक बार शिडी लगा के नै देखा."

माय वेगळंच विचारत होती. "मंग त्यांचा आवाज कुठंच नाय?"

"नाय, माय."

तिनं भाकरीचं फडकं सोडलं, मुश्ताकभाईंच्या पुढं केलं, आणि परत बांधून ठेवलं.

माझ्या डोक्यात राग होता तो कुणावर काढू ते कळत नव्हतं. कान नसलेल्या एका जुनाट डब्यानं आमची आख्खी वस्ती मुकी केली होती. ज्यानं टांगला त्याला तरी माहीत असेल का? बहुतेक नसेल. त्याला ऐकायची गरजच पडली नाही. आम्हीच आमचं तोंड बांधलं, तेही आमच्याच कागदानं, कारण तेवढा एक कागद आम्ही एकमेकांना वाचून दाखवला नव्हता. अण्णांची उरलेली सगळी वर्षं आम्ही त्या रिकाम्या गोलाला दिली होती.

अण्णांचा आणखी एक नियम होता. चूक ज्या आकाराच्या अक्षरांत छापली, दुरुस्ती त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची. बारीक अक्षरांतली दुरुस्ती ही दुसरी चूक, म्हणायचे. घरी आल्यावर मी मायला म्हणाले, की मी दुरुस्ती काढणार, आणि ती आधी कट्ट्यावर वाचणार.

माय एकदम उसळली. "मेलेल्या माणसाची चूक चौकात वाचायची व्हय? लोकं काय म्हणतीन? एवढं केलं त्या माणसानं वस्तीसाठी, अन् लेक उठली तर काय सांगती, बाप चुकला?"

"अण्णा असते तर त्यांनीच वाचली असती."

"ते असते तर," माय म्हणाली. स्वयंपाकघरात गेली. मी कागद घेऊन बसले. एक वाक्य लिहायचं आणि खोडायचं असं चाललं होतं. थोड्या वेळानं आतून भांड्याचा आवाज आला, मग तो वास. कच्च्या मैद्याचा. माय दारात आली, हातात पळी. "खळ कितीक लागंल?" तिनं विचारलं. "अन् खाली नाव त्यांचंच टाक. चूक त्यांची, तर दुरुस्ती बी त्यांचीच. तुझी कशाला?"

दुसऱ्या संध्याकाळी मी कट्ट्यावर उभी राहिले. भिंतीवर कॅमेऱ्याच्या जागी नुसता फिकट गोल उरला होता. लोक जमले, पण लांब लांब, सवयीनं. मी वाचलं: याला कानही आहेत, असं आम्ही छापलं होतं. ते चूक होतं. तार होती, कान नव्हता. आम्ही विनाकारण गप्प बसलो.

"थांब," गयाआत्या म्हणाली. म्हातारी झाली होती, पण पाय तसेच मोकळे सोडून बसली होती. "आम्ही आम्ही काय? छापलं त्यानं. गप्प आपण सगळे बसलो, मी बी. निस्तं त्याच्या एकट्याच्या गळ्यात नगं घालू. आपण लिव्ह."

मी 'आम्ही' खोडून 'आपण' केलं, तिथंच, मांडीवर.

"आन् 'विनाकारण' काढ. उगीच म्हण. उगीच गप्प बसलो."

तेही केलं. दुकानातनं मुश्ताकभाई ओरडले, "अब करंट है!" आणि कट्ट्यावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. तितक्या मोठ्यानं तिथं हसलेलं मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मग कुणीतरी नळाचं काढलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांचं न ऐकता, ओरडून. माय कट्ट्याच्या कडेला खळीची बादली घेऊन उभी होती. ती त्या गलक्यात काहीतरी शोधत असल्यासारखी ऐकत होती. मला माहीत आहे काय ते. मीही तेच शोधत होते.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. हे प्रकरण तुम्ही मनातल्या मनात वाचलं असेल. कृपा करून आज संध्याकाळी ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा. घरात, ओट्यावर, चौकात, जिथं वर कॅमेरा असेल तिथं तर नक्की. समोर कुणीतरी बसवा, आणि त्याला टोकायची मोकळीक द्या. एखादा शब्द नटवा वाटला तर खोडा, एखादी गोष्ट खोटी वाटली तर मला विचारा. आणि 'उज्जेऽ, दार!' या ओळीवर आलात की आवाज चढवा, शेवटाला वर न्या. अण्णांचा आवाज आता कुठंच नाही. तुमचा चालेल.